"वारक्के ओंदु" म्हणजे रोज एक नव्हे: सीमाभागातल्या मोफत गर्भनिरोधन सेवेचं परीक्षण

छाया ही सरकारी केंद्रात मिळणारी गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची आणि मग आठवड्यातून एकदाच. कन्नडमध्ये हे सांगताना नर्सबाई "वारक्के एरडु" म्हणणार आणि नंतरसाठी "वारक्के ओंदु". कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार यांतला एक. "वाराला एक" असं कानावर पडलेली खानापूरकडची बाई रोज एक गोळी घ्यायला लागली, तर चूक तिची नाही. गोळी चांगली, फुकट, हातात दिलेली, आणि तरी सगळं एका शब्दावर घसरलेलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत मिळणाऱ्या कुटुंबनियोजन सेवेबद्दल आमचं मत या एका शब्दात सामावलेलं आहे. साधनांना पूर्ण गुण. समजावून सांगण्याला, केंद्रागणिक आणि माणसागणिक, कधी पूर्ण तर कधी शून्य.

सेवेत काय काय आहे ते आधी. अंतरा इंजेक्शन, छाया आणि माला-एन या गोळ्या, तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी), निरोध, तातडीची इझी पिल, बाईचं ऑपरेशन आणि पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी. केंद्रात यातलं सगळं मोफत. आशा आक्का, म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती, घरी आणून देते तेव्हा तीन निरोधांच्या पाकिटाला 1 रुपया, माला-एनच्या एका पाकिटाला 1 रुपया आणि इझी पिलला 2 रुपये, एवढीच किंमत.

छायापासून सुरुवात करू, कारण या भागातल्या बायकांच्या मनातली पहिली भीती तीच कमी करते. "गोळ्या उष्ण पडतात, अंगात हॉर्मोन शिरतं, दूध आटतं," हे घरोघर ऐकू येतं. छायात हॉर्मोन नाहीच. सेंटक्रोमन नावाचं औषध आहे, एका गोळीत 30 मिलिग्रॅम. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ते तयार झालं आणि 1991 पासून 'सहेली' या नावाने दुकानात मिळायला लागलं. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ती चालते, दुधावर परिणाम होत नाही.

घ्यायची पद्धत अशी. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो दिवस रविवार असेल तर दुसरी बुधवारी. सोमवार असेल तर गुरुवारी, शुक्रवार असेल तर पुढच्या सोमवारी. म्हणजे पहिल्या वारानंतर तिसऱ्या दिवशी. हे दोन वार तीन महिने पाळायचे. मग दुसरा वार सोडायचा आणि पहिलाच धरून ठेवायचा. मध्ये पाळी आली म्हणून थांबायचं नाही आणि वारही बदलायचा नाही, इथे फार जणी चुकतात. एका पट्टीत 8 गोळ्या असतात. तीन महिन्यांना साधारण 26 लागतात, म्हणून सुरुवातीला तीन नव्हे, चार पट्ट्या मागून घ्या. त्यानंतर एक पट्टी आठ आठवडे पुरते.

गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यायची. सात दिवसांच्या आत आठवलं तर ठरलेले वार तसेच चालू ठेवायचे, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त गेले तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोनदा, तीन महिने. रोजची गोळी सवयीने लक्षात राहते, आठवड्याची राहत नाही. त्यावर साधा उपाय आहे. स्वयंपाकघरातल्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहिला जातो, तिच्यावरच त्या वारांना पेनाने बारीक ठिपका द्यायचा आणि गोळी घेतली की ठिपक्यावर काट मारायची. घरात कोणाला कळू द्यायचं नसेल तरी नुसत्या ठिपक्याचा अर्थ कोणी विचारत नाही. गुरुवारचा उपवास असेल तरी गोळी घ्यायचीच, पाण्याबरोबर.

छायाचा दोष एकच, पण मोठा. काही जणींची पाळी लांबते. पाळी लांबली की मराठी घरात पहिला प्रश्न "दिवस गेले काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. गोळी बंद झाली की खरंच दिवस जायची शक्यता वाढते, आणि मग दोष गोळीवर येतो. पाळी 15 दिवसांहून जास्त लांबली तर केंद्रात जाऊन लघवीची तपासणी करायची. तोवर गोळी सुरूच ठेवायची. ही दोन वाक्यं पट्टी देताना सांगितली गेली तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

आणि देण्याआधी विचारायचं एक वाक्य. नुकतीच कावीळ झाली असेल, यकृताचा आजार असेल, अंडाशयावर गाठी असतील किंवा क्षयाचे उपचार सुरू असतील तर छाया द्यायची नाही. नर्सबाईंनी "कामाले" विचारलं तर ते काविळीबद्दल आहे. बाईने "नाही" म्हणून मान हलवली ती प्रश्न कळून की न कळून, हे पाहणं विचारणाऱ्याचं काम.

अंतराबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण तिच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही आणि तिच्याइतकं अर्ध्यावर सोडलं जाणारंही नाही. तीन महिन्यांतून एक सुई. घरात पाकीट नाही, उशीखाली गोळी नाही, सासूच्या हाती काही लागत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबणाऱ्या बाईला हे परवडतं. औषध 150 मिलिग्रॅम, एका मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत. औषध तळाशी बसतं, म्हणून सुईत भरण्याआधी बाटली हलवून दुधासारखी एकसारखी व्हायला हवी. ती हलवली गेली नाही तर तळाचं औषध बाटलीतच राहतं आणि डोस कमी पडतो. दंडावर, कमरेवर किंवा मांडीवर सुई दिली जाते. दिल्यावर ती जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही. आपल्याकडे सुई टोचली की हात आपोआप चोळायला जातो. चोळल्याने औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं.

पहिल्या सुईआधी डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचा, पोटात गर्भ नाही याची खात्री करायची, आणि ज्याचं कारण कळलेलं नाही असा रक्तस्राव, छातीतली गाठ, यकृताचा आजार, डोळ्यांपुढे तारे चमकून येणारी अर्धशिशी यांबद्दल विचारायचं. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत सुई घेतली तर वेगळी काळजी नाही. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असेल तर सहा आठवडे झाल्यावर. पुढची सुई 13 आठवड्यांनी, म्हणजे 91 दिवसांनी. त्यात दोन आठवडे आधी आणि चार आठवडे उशिरापर्यंत सूट आहे. चार आठवड्यांहून उशीर झाला तर आधी गर्भ नाही याची खात्री, मग सुई आणि पुढचे सात दिवस निरोध. आता भाषेकडे या. कन्नडमध्ये "मूरु तिंगळु" म्हणजे तीन महिने. हा शब्द कळला तरी "तीन महिने" ही तारीख नव्हे. सुईची नोंद असलेल्या कार्डावर पुढची तारीख आकड्यांत लिहून घ्या, 14/3 अशी. मराठी वाचणारी आणि कन्नड वाचणारी, दोघींनाही ती वाचता येते. आम्हाला विचाराल तर अख्ख्या सेवेत सर्वांत उपयोगी भाषांतर हेच.

अंतरा सुटते ती रक्तामुळे. पहिले तीन ते सहा महिने अवेळी, थोडं थोडं रक्त जातं. पुढे पाळी येईनाशी होते. वर्षभर सुई घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या जणींची पाळी थांबलेली असते. डॉक्टरच्या लेखी हे दोन्ही निरुपद्रवी. घरात मात्र दोन्ही जड जातात. अवेळी रक्त म्हणजे देवघर बंद, कुळाचार अडला, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला निघायच्या दिवशी बाई "बाहेरची". विटाळ मानावा की मानू नये हा वाद वेगळा. आमच्या मते मानू नये. पण मानणाऱ्या घरात राहणाऱ्या बाईला आठवड्यातून दोनदा डाग दिसणं म्हणजे काय, हे विचारात न घेता "काही होत नाही" म्हणून पाठवून देणं ही सेवा नव्हे. पौर्णिमेला यात्रा असेल तर पहिली सुई तिच्या तोंडावर घेऊ नये, एवढं तरी सांगता येतं. डाग फार दिवस राहिले तर डॉक्टरकडे त्यावर गोळ्या आहेत, तेही सांगावं. नेहमीच्या पाळीच्या दुप्पट रक्त जात असेल किंवा दुप्पट दिवस चालत असेल तर वाट न पाहता केंद्रात जायचं.

पाळी थांबली की "घाण रक्त पोटात साठतंय" ही समजूत लगेच उठते. तिला हसून उपयोग नाही. पाळीचं रक्त म्हणजे गर्भाशयाच्या आत दर महिन्याला वाढणारं अस्तर. अंतरा ते वाढूच देत नाही. जे तयारच झालं नाही ते साठणार कुठून? एवढं नीट सांगितलं की बहुतेकींना पटतं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. शेवटच्या सुईनंतर दिवस जायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. लग्नानंतर पहिलं मूल व्हायच्या आधी सुई घेतली, पुढच्या वर्षी मूल हवं झालं आणि चार महिन्यांत दिवस गेले नाहीत, की "सुईने वांझ केलं" अशी बोलणी सुरू होतात. ज्यांना वर्षभरात मूल हवं आहे त्यांनी अंतरा घेऊ नये, त्यांच्यासाठी निरोध किंवा गोळ्या आहेत. दोन मुलांत तीन वर्षं अंतर ठेवणाऱ्यांसाठी सुई उत्तम. हाडं थोडी विरळ होतात, सुई बंद केल्यावर भरून येतात. वजन काही जणींचं वाढतं.

तांबीला या भागात मान आहे आणि भीतीही. तिचे दोन प्रकार: 380-ए ही 10 वर्षं चालते, 375 ही 5 वर्षं. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. "तांबी वर चढून काळजात जाते" हे अजून ऐकू येतं. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तिथून काळजाकडे रस्ता नाही. क्वचित, साधारण हजारात एकदा, बसवताना गर्भाशयाला छिद्र पडू शकतं, म्हणून ती शिकलेल्या हातानेच बसवायची. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निघून पडायचं प्रमाण जास्त असतं. सहा आठवड्यांनी दाखवायला जायचं आणि दोरा आहे का ते बघायचं, हे सांगितलंच पाहिजे. आणि बसवली आहे हेच बाईला ठाऊक नसणं, हे तर कुठेही, कोणत्याही कारणाने चालवून घेऊ नये. पहिल्या काही पाळ्यांना रक्त जास्त जातं. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या सोबत हव्यात.

माला-एन जुनी आणि भरवशाची. 28 गोळ्या, त्यातल्या 21 औषधाच्या, 7 लोहाच्या. रोज एक, ठरल्या वेळी. रक्तदाब असलेल्यांना आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ पाजणाऱ्यांना नको. इझी पिल संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती नेहमीची गोळी नव्हे. निरोधाचं वेगळेपण सांगायला केंद्रात लाज वाटते, तरी सांगतो: गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून बचाव या यादीत फक्त तोच करतो.

आता ऑपरेशन. देशात 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या जोडप्यांमध्ये बायकांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3 टक्के निघाली. कर्नाटकात बायकांचा आकडा निम्म्याहूनही वर आहे. म्हणजे इथे कुटुंबनियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे संमतीपत्रावर सही किंवा अंगठा. ते कागद कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेली बाई सही मराठीत करते आणि वरचा मजकूर तिला वाचता येत नाही.

याच प्रश्नावर लॉस एंजेलिसमध्ये खटला झाला आहे. 1970 च्या दशकात तिथल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मेक्सिकन वंशाच्या बायकांच्या नसबंद्या झाल्या. बऱ्याच जणींची भाषा स्पॅनिश, कागद इंग्रजी, आणि सही घेतली ती बाळंतपणाच्या कळा सुरू असताना. दहा जणींनी दावा लावला. मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन या नावाने तो ओळखला जातो. 1978 मध्ये त्या हरल्या. न्यायाधीशांनी याला समजुतीतला घोटाळा ठरवलं, आणि मूल होणं त्यांच्या संस्कृतीत फार मोठं मानतात म्हणून त्यांना इतकं दुःख झालं, असा सूर लावला. पण त्या धडपडीतून स्पॅनिशमधली संमतीपत्रं आली, आणि त्याच काळात सरकारी पैशाने होणाऱ्या नसबंदीला सहीनंतर 30 दिवस थांबायचा नियम आला. त्या बायकांना गर्भनिरोधन नको होतं असं नव्हे. त्यांना विचारलं गेलं नव्हतं. "त्यांची संस्कृतीच तशी" असं म्हणून प्रश्न मिटवायचा मोह इथेही होतो. मराठी बायका तांबी काढून टाकतात, सुई सोडतात, म्हणजे त्या मागास, असं ऐकलं की आधी विचारा: त्यांना कोणत्या भाषेत सांगितलं होतं?

आपल्याकडे तर कायदा बाईच्या बाजूने आहे. 2016 च्या देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नसबंदीआधीच्या तपासयादीतला मजकूर बाईला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावा, तो तिला समजला आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं आणि विचार बदलायला तिला तासभराची उसंत द्यावी. निपाणीतल्या किंवा खानापुरातल्या मराठी बाईला समजणारी भाषा कोणती हे कोणाला शिकवायची गरज नाही. म्हणून मराठीत वाचून दाखवा, असं सही करण्याआधी म्हणायचा हक्क आहे. आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत आहे: बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही. वय 22 ते 49, लग्न झालेलं आणि एक वर्षाच्या वरचं एक तरी मूल, एवढं पुरे.

पुरुषांची नसबंदी यापेक्षा सोपी. टाका नाही, पोट उघडायचं नाही, त्याच दिवशी घरी. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर पोती उचलायची नाहीत, सायकल चालवायची नाही. मर्दानगी जात नाही, ताकदही नाही. फक्त परिणाम लगेच होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी टाळली गेली की दिवस जातात आणि संशय बायकोवर जातो. यावर केंद्रांनी आणखी जोर द्यायला हवा.

या मातीत हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, मराठीत, शब्द न चोरता. 1930 मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी खर्चाने असे दवाखाने उघडले. एक वारसा मराठी, एक कन्नड, आणि बेळगावात दोन्ही एकत्र येतात. दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या आशा आक्का आणि नर्सबाई इथे भरपूर आहेत, आणि जिथे त्या आहेत तिथे ही सेवा फार चांगली चालते. अडतं ते बदली होऊन आलेल्या नव्या माणसापाशी आणि छापील कागदापाशी.

नव्या नर्सबाईंसाठी दोन गोष्टी. "दिवस गेले" म्हणजे तारीख उलटली असं नव्हे, बसिरु आहे. आणि बाई "अंगावरून जातंय" म्हणाली तर "पांढरं की तांबडं?" हे विचारल्याशिवाय काही लिहू नये. पांढऱ्याला उपचार वेगळे, तांबड्याला वेगळे. बायकांसाठी: मुट्टु म्हणजे पाळी, गुळिगे म्हणजे गोळी, तिंगळु म्हणजे महिना. वार म्हणजे आठवडा.

शेवटचं, माहेराबद्दल. या भागातल्या कित्येकींचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, कागल, कोल्हापूरकडे. गौरी-गणपतीला किंवा बाळंतपणाला त्या पलीकडे जातात आणि सुईची तारीख नेमकी तेव्हाच येते. अंतरा केंद्र सरकारच्या कार्यक्रमातलं औषध आहे, महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रातही तेच मिळतं. फक्त कार्ड सोबत हवं. निघायच्या आधी त्यावर औषधाचं नाव, शेवटच्या सुईची तारीख आणि पुढची तारीख आकड्यांत लिहिलेली आहे का ते बघा, आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. कार्ड नेलं नाही तर तिथले डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून तपासणी करतील. ते त्यांचं बरोबरच आहे, पण तेवढ्यात चार आठवड्यांची सूट संपलेली असू शकते.